अपेक्षाला कोणी सांगायचं

विश्रामबाग, सांगली
१२ एप्रिल २०२४

चि. धनाजी,

आशीर्वाद शेवटी. आधी काम.

माझा नंबर तू जानेवारीत ब्लॉक केलास. दवाखान्याच्या नंबरवरून केला, तोही केलास. परवा आमच्या सोनम सिस्टरच्या मोबाइलवरून लावला, तर माझं 'हॅलो' ऐकून कट केलास. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी सख्ख्या भावाला स्पीड पोस्टानं पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली आहे. पाकिटावर 'विम्याची कागदपत्रे' असं लिहिलंय, म्हणजे अपेक्षा उघडणार नाही. एवढी काळजी मी घेते, आणि तू मला बेजबाबदार म्हणतोस.

आईकडून कळलं की अपेक्षाला चौथा महिना आहे. मला आनंद झाला. आनंद पाच मिनिटं टिकला, कारण पुढचं ऐकलं. तू तिला कराडला एका खासगी डॉक्टरकडे नेतोस. तिथं केसपेपर काढताना आई शेजारी बसली होती. पहिली खेप का, असं केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं आणि तू 'व्हय' म्हणालास. आईला वाटलं, मेलेल्या पोराचं नाव घेऊ नये म्हणून तसं बोललास. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही.

धनाजी, ही पहिली खेप नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आठव्या महिन्यात तिची मुलगी पोटातच गेली. ती का गेली हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुम्हा दोघांचं रक्त मीच तपासलं होतं. त्या आजाराला गावात गरमी म्हणतात, पुस्तकात उपदंश म्हणतात, आणि तू त्याला 'ते' म्हणतोस. कुठून आलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. माणूस लग्नाआधी पाच वर्षं सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात परमुलखात राहतो, तिथं काय घडतं याचे हिशेब घ्यायला मी डॉक्टर झालेले नाही.

पण एक विचारते. अपेक्षानं तीन आठवड्यांत तीन इंजेक्शनं घेतली. तू एक घेतलंस. 'बाकीची साताऱ्यात घेतो आक्का, तिथं कामाला जायचंच हाय' म्हणालास. घेतलीस का? मी कार्ड मागितलं की तू विषय बदलतोस. कार्ड हरवलं म्हणालास, मग गाडीत आहे म्हणालास, मग मला काय पोलीस समजतेस का म्हणालास.

कदाचित काहीही झालेलं नसेल. पण तिचं रक्त पुन्हा पाहिल्याशिवाय 'कदाचित'वर मी बाळ सोडणार नाही. कराडच्या डॉक्टरला खरं सांग. नाहीतर पाटणच्या सरकारी दवाखान्यात ने, तिथं तपासणीला आणि इंजेक्शनला पैसे लागत नाहीत. अजून वेळ आहे. भरपूर नाही, पण आहे.

तुझी
आक्का

&nbsp;

विश्रामबाग, सांगली
९ मे २०२४

धनाजी,

पोस्टाच्या साइटवर पत्र पोचल्याची नोंद आहे, सही तुझीच आहे. त्यामुळे 'मिळालं नाही' हे कारण तुझ्याकडे उरलेलं नाही.

सात तारखेला मतदानाला तू गावी येशील म्हणून मी दवाखाना बंद ठेवून गेले. आई सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून बसली होती. तू आला नाहीस. हंबीरराव मामा मात्र आले आणि शाळेच्या पटांगणात चार माणसांसमोर मला म्हणाले, 'मंगल, आता घरातली माणसं तरी सोड.' मी मामांना त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या नियमित घ्यायला सांगितलं आणि निघाले.

आता तुझा खरा राग कशाचा आहे त्यावर बोलू. मागच्या पत्रात मी ते टाळलं. तू वाचताना चडफडला असशील, की ही बया मला कार्ड मागते आणि स्वतःचं काही बोलत नाही.

बोलते. आईला मी सांगितलं. मामांनी औंधला यमाईच्या यात्रेत तुला गाठून जे ऐकवलं, ते माझ्या तोंडून आईकडे आणि आईकडून मामांकडे गेलं.

वीस वर्षं मी ही प्रॅक्टिस करते. माझ्या बोर्डावर 'त्वचारोग व गुप्तरोगतज्ज्ञ' लिहिलेलं पाहून नाना महिनाभर जेवले नव्हते नीट. म्हणाले होते, 'पोरी, ह्यो एक सबूद तेवढा पुसून टाक. त्वचा ऱ्हाऊ दे.' मी पुसला नाही. दोन स्थळं त्या बोर्डाखालूनच परत गेली. माझ्याकडे येणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून येतो आणि मागच्या दारानं जातो, कारण त्याला खात्री असते की इथलं इथंच राहील. पोलिसांना मी नाव दिलेलं नाही, सासऱ्यांना दिलेलं नाही. एकदा एका आमदाराचा माणूस आला होता, त्याला पाणीसुद्धा न देता घालवला. आणि गेल्या वर्षी भाऊबिजेच्या दिवशी, ताटात निरांजन पेटलेलं असताना, मी स्वतःच्या भावाचा आजार आईला सांगितला.

कसं झालं ते ऐक. तू ओवाळून घेऊन बाहेर गेला होतास. अपेक्षा मागं भांडी घासत होती. आई मला हळूच म्हणाली की पांढऱ्या पायाची आहे, पोटातच पोर खाल्लं, वर्ष झालं तरी दुसरं काही नाही, आता तिला माहेरी पोचवायची. मामांनी दिघंचीकडची एक पोरगी बघून ठेवली आहे. आई हे दुष्टपणानं बोलत नव्हती. वाणसामान भरायचं बोलावं तसं बोलत होती. मागं भांड्यांचा आवाज थांबला. अपेक्षानं ऐकलं होतं. मी आईच्या कानाशी वाकले आणि दबकून बोलून गेले: 'आई, दोष तिचा न्हाई. तुझ्या लेकाचा हाय. त्याच्या रक्तातनं आलंय.'

मग आईनं विचारलं कसलं, आणि मी तेही सांगितलं. तसंच दबक्या आवाजात. अपेक्षाला ऐकू जाऊ नये म्हणून.

तुझी माफी मागते. अर्धी. कारण त्या दिवसापासून आईनं दिघंचीचं नाव काढलेलं नाही, आणि अपेक्षा तुझ्या घरात आहे. हे वाईट केलं असं मला वाटतं, आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी गप्प बसेन असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुला पटत नसेल तर बोलू नकोस माझ्याशी. जन्मभर बोलू नकोस. पण इंजेक्शनं घे. इंजेक्शनं घेण्यासाठी बहिणीशी बोलावं लागत नाही.

तिचं रक्त तपासलंस का?

आक्का

&nbsp;

सांगली
२७ मे २०२४

धनाजी,

मागचंही पत्र पोचलं. उत्तर नाही. मला वाटतं तू माझी पत्रं न वाचता गाडीच्या डॅशबोर्डात कोंबत असशील. तरी लिहिते, कारण आज जे लिहायचंय ते कुणालातरी लिहावंच लागेल.

आमच्याकडं मनुबाई आहेत, तुला आठवत असतील. धंदा सोडून आता बारा-तेरा वर्षं त्या वस्तीतल्या बायकांना तपासणीला घेऊन येतात. मी शिकलेली डॉक्टर आहे, पण लोकांशी या आजाराबद्दल बोलायचं कसं हे मला त्यांनी शिकवलं. मी पहिल्यांदा वस्तीत गेले तेव्हा नाकाला पदर लावला होता. मनुबाईंनी तो स्वतःच्या हातानं खाली घेतला होता.

शनिवारी पेशंट संपल्यावर त्या चहा घेत बसल्या होत्या. मी चिडलेली होते. नाव-गाव न सांगता म्हणाले, एक केस आहे, बाईला इंजेक्शनं दिली, नवरा पळ काढतोय, बाई पुन्हा पोटुशी आहे, दोन पत्रं लिहिली त्या गाढवाला, काही फरक नाही. मनुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'आवं डाक्टरीणबाई, पत्रं त्याला कशापायी? ज्या बाईच्या अंगात सुई खुपसली, तिला काय सांगितलं तुमी?'

मी म्हणाले, रक्तात दोष आहे असं सांगितलं.

'कसला दोष?'

मी टेबलावरचे केसपेपर सारखे करायला लागले. त्यांनी कप खाली ठेवला आणि पिशवी घेऊन निघून गेल्या. जाताना रोज म्हणतात तसं 'येते' म्हणाल्या नाहीत.

२०२२ च्या त्या दिवाळीनंतर तू माझ्या केबिनमध्ये रडला होतास. मी तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय, आई-नाना मेंढरं घेऊन खाली उतरले की तू औंधला मावशीकडे माझ्याच अंथरुणात निजायचास. तेव्हासुद्धा तू असा रडला नव्हतास. 'आक्का, तिला नगं सांगू. ती जाईल. म्या घेतो सगळी इंजेक्शनं, पर तिला नगं सांगू.' आणि मी कबूल केलं. तुझ्यासाठी केलं. अपेक्षाला म्हणाले, रक्तात जरा दोष आहे, तीन सुया घेतल्या की निघून जाईल. तिनं 'बरं आक्का' म्हणून दंड पुढं केला. मी म्हणाले, दंडात नाही, खाली. ती लाजली. ते औषध फार दुखतं. तिनं तोंडातून आवाज काढला नाही. तू एकाच सुईत भिंत धरली होतीस.

आता माझं ज्ञान ऐक. खानापूर, आटपाडी, जत या भागातल्या अकराशे गर्भार बायांवर मी सात वर्षं काम केलं. घरचे पुरुष गलाईला किंवा ट्रकवर. दिल्लीत जाऊन निबंध वाचला, टाळ्या झाल्या. त्या निबंधात काय लिहिलंय? नवऱ्याला सोडून नुसत्या बाईला औषध दिलं तर ते वाया जाण्याची शक्यता मोठी. आणि दुसरं, ज्या बाईला आजाराचं नाव स्पष्ट सांगितलं तीच नवऱ्याला धरून आणते. जिला सांगितलं नाही तिचा नवरा येत नाही. हे मी छापलंय. आकड्यांसकट. आणि घरच्या बाईला 'रक्तात दोष'.

ज्या आईला सांगायचा मला काडीचा अधिकार नव्हता तिला सांगून बसले. जिचं शरीर, जिचं मेलेलं पोर, जिच्या पोटात आता दुसरं आहे, तिला नाही सांगितलं. वर पाकिटावर 'विम्याची कागदपत्रे' लिहून शहाणपणा मिरवला.

या पाकिटावर काही लिहिलेलं नाही. फक्त पत्ता.

येत्या रविवारी, दोन तारखेला, मी कोयनानगरला तुमच्या घरी येते. त्याआधी तू तिला सांगितलंस तर उत्तम. नाही सांगितलंस तर मी सांगेन. सहावा महिना सुरू आहे. मला आता तुझ्या परवानगीची गरज नाही, ती मला तेव्हाही नव्हती.

आक्का

&nbsp;

सांगली
८ जून २०२४

धनाजी,

रविवारी तू व्हरांड्यात बसून होतास. आत काय बोलणं झालं ते तू ऐकलं नाहीस, आणि ऐकायचं नव्हतं म्हणूनच तिथं बसलास. तू 'चहा पिऊन जा आक्का, बोलायचं काय न्हाई' म्हणालास तेव्हा मी तुला दहा मिनिटं देते म्हणाले. तू उठलास. मला वाटलं आत जाशील. चप्पल घालून व्हरांड्यात गेलास.

म्हणून लिहिते. हे एवढं लिहायला मी अपेक्षाची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, 'लिवा. त्यांनी वाचाय पायजे.'

ती चपात्या लाटत होती. मी गॅस बंद करायला सांगितला. खाली बसलो आम्ही दोघी. मी आजाराचं नाव सांगितलं, दोन्ही नावं. कसा लागतो ते सांगितलं. तिला आधी वाटलं की मी तिच्यावर आळ घेतेय. तिचे हात पिठाचे होते, ते तिनं तसेच मांडीवर ठेवले. मग म्हणाली, 'म्हंजी माझ्यामुळं न्हाई?'

मी म्हणाले, 'नाही. तुझ्यामुळं काहीच नाही.'

'माझी पोर त्यानंच गेली?'

'हो.'

'तुमाला कवा कळलं?'

'ती गेल्यावर पंधरा दिवसांनी.'

तिनं बोटं मोजली. खरंच मोजली, शाळेतल्या पोरीसारखी, पेरांवर. मग म्हणाली, 'दीड वरीस झालं. दीड वरीस आत्याबाई मला पांढऱ्या पायाची म्हंत्यात. म्या मंगळवार धरले, शुक्करवार धरले. यमाईला अनवाणी चढून गेले. आनि तुमी दोघं भन-भाऊ समोर बसून बगत व्हता.'

मी पर्समधून कागद आणि पेन काढलं.

'आक्का, एक सांगा. तवा तुमी माझ्या डाक्टर व्हता का यांच्या भन?'

धनाजी, माझ्यासमोर माणसं रडली आहेत, शिव्या दिल्या आहेत, एकानं टेबलावरची काच फोडली होती. मला दर वेळी काहीतरी बोलता आलं. या वेळी मी तिला पाटणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव आणि कुठल्या दिवशी जायचं ते लिहून दिलं. कागद तिनं घेतला. माझा हात मात्र बाजूला सारला. उठली, गॅस पेटवला आणि राहिलेल्या चपात्या केल्या. मला वाढलं नाही. तुला वाढलं की नाही ते तुला माहीत.

सोमवारी ती तिथल्या आशाताईला, आरोग्यसेविकेला, सोबत घेऊन तुझ्याशिवाय पाटणला गेली आणि डॉक्टरांना सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तिचा रिपोर्ट काय आला ते मला माहीत आहे, तिनं मला दाखवला. तुला मी सांगणार नाही. तो तिचा आहे. तिला वाटलं तर ती सांगेल.

तुझ्याबद्दल मात्र लिहिते. तीनही इंजेक्शनं पहिल्यापासून घ्यायची. अर्धवट राहिलेलं पुढं चालू करता येत नाही. पाटणला घे, कराडला घे, इथं ये, कुठंही घे.

आईचा फोन आला होता. म्हणाली, अपेक्षानं तुला सांगितलंय की कार्ड पुरं झाल्याशिवाय घरात निजायला यायचं नाही, आणि तू कुणा मित्राच्या खोलीवर राहतोयस. आई मला वाट्टेल तसं बोलली. घर मोडलंस म्हणाली. मी म्हणाले, आई, आधी मोडलेलं होतं, आता निदान दिसतंय तरी. तिनं फोन ठेवला. म्हणजे आता तुम्ही दोघंही माझ्याशी बोलत नाही.

आक्का

&nbsp;

सांगली
१ जुलै २०२४

धनाजी,

आज तुझ्या कार्डाचा फोटो आला. अपेक्षाच्या नंबरवरून, एक शब्द न लिहिता. १०, १७, २४ जून. तीन सह्या, तीन शिक्के.

मी तो मोठा करून पाहिला, तारखा खऱ्या आहेत का म्हणून. इतकं संशयी तू मला केलं आहेस. मग दवाखान्याला फोन करून खात्री करावी असं मनात आलं आणि फोन हातात घेऊन परत ठेवला. त्या दवाखान्यातल्या माणसानं मला काही सांगू नये, मी विचारलं तरी सांगू नये, अशीच तर माझी अपेक्षा असायला हवी.

हे दोन वर्षांपूर्वी झालं असतं. पंधरा दिवसांत झालं असतं. आता तुला कसं समजावू की मला आनंद झाला आहे आणि तुझ्या थोबाडीत मारावंसंही वाटतंय.

तीन महिन्यांनी तुझं रक्त पुन्हा तपासायचं. सप्टेंबरअखेर. विसरू नकोस.

आक्का

&nbsp;

सांगली
३ ऑक्टोबर २०२४

धनाजी,

मुलगी झाली हे मला आईकडून कळलं नाही, तुझ्याकडून कळलं नाही. सोळा सप्टेंबरला संध्याकाळी ओपीडीत होते तेव्हा अपेक्षाचा फोन आला. पहिल्यांदाच. मी समोरच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

तिनं 'हॅलो' म्हटलं नाही. म्हणाली, 'आयका.' आणि फोन मुलीच्या तोंडाजवळ धरला असावा. चांगला खणखणीत आवाज आहे. तू जन्मलास तेव्हा असाच ओरडला होतास, सगळी आळी जागी केली होतीस.

मग ती बोलली. वजन दोन किलो सातशे. अंगावर काही नाही, डोळे स्वच्छ, पोट मऊ. मुलीचं रक्त तपासलं, तिच्या स्वतःच्या रक्तापेक्षा प्रमाण कमी आलं, म्हणजे जे आहे ते आईकडून नुसतं उतरलेलं आहे, निघून जाईल, असं कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं; त्यांनाही तिनं आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तिनं मला विचारलं हे खरं का. मी म्हणाले, खरं आहे. ती म्हणाली, 'जूनमधी माझं लय वाढलेलं व्हतं. तुमी आला नसता तर हीबी गेली असती. हे ह्यांना लिवा. म्या सांगितलंय, पर तुमच्या हातनं कागदावर जाऊ द्या.'

म्हणून लिहिलं. तिच्या सांगण्यावरून लिहिलं.

मला वाटलं आता ती पुढं काहीतरी गोड बोलेल. इतक्या वर्षांत एवढी साधी अपेक्षा माणसाला असतेच. मी विचारलं, 'तपासणीला सांगलीला आणशील ना? माझ्याकडं?'

'न्हाई,' ती म्हणाली. 'तपासायला कराडचे डाक्टर हायेत. त्ये मला समदं सांगत्यात. तुमी आत्या म्हनून या. कवा यायचं त्ये म्या सांगीन.'

मी 'बरं' म्हणाले. समोरचा पेशंट शर्टाची बटणं लावून कधीचा निघून गेला होता.

मनुबाईंना मी आता सगळं सांगितलं आहे, माझी चूक म्हणून, तुमची नावं न घेता. त्यांना नावं कळलीच असणार. त्या चहा घेऊन 'येते' म्हणून गेल्या.

मुलीची तपासणी दोन, चार आणि सहा महिन्यांनी आहे. सोळा नोव्हेंबर, सोळा जानेवारी, सोळा मार्च. त्यातला सोळा मार्च रविवार आहे, तेव्हा शनिवारी जा. तुझी सप्टेंबरची तपासणी झाली का हे मी विचारत नाही. अपेक्षा विचारेल.

बारसं झाल्याचं आईच्या स्टेटसवर पाहिलं. नाव वाचता आलं नाही, पाळण्यावरच्या फुलांत अक्षरं अर्धी लपली आहेत. मी फोटो मोठा करून पुष्कळ पाहिला. कुणाला विचारलेलं नाही. तिनं बोलावलं की तिच्याकडूनच ऐकेन.

या पत्राला मला उत्तर पाठवू नकोस; जे बोलायचं ते अपेक्षाशी बोल.

आक्का